‘ऐच्छिक’ शस्त्रक्रिया आणि उसन्या खाटा

गेल्या महिन्यांत आमच्या गांवच्या व्याख्यानमालेंत एका विद्वान् शस्त्रवैद्यांचें ‘महामारीनें आम्हांस काय शिकविलें?’ या विषयावर व्याख्यान झालें. व्याख्याते आपल्या शास्त्रांत निष्णात, त्यांची वाणी प्रसन्न, आणि २०२० व २०२१ या दोन भयंकर वर्षांत त्यांनीं रात्रीचा दिवस करून रोग्यांची जी सेवा केली ती साऱ्या गांवानें पाहिलेली. त्यामुळें सभागृह चिक्कार भरलें होतें आणि श्रोते त्यांच्या प्रत्येक वाक्यास मान डोलवीत होते. बोलण्याच्या ओघांत ते म्हणाले, “अतिदक्षता विभागांतील खाटा मोकळ्या करण्यासाठीं आम्हीं ऐच्छिक शस्त्रक्रिया पुढें ढकलल्या. त्यांत कोणाचें कांहीं गेलें नाहीं. ऐच्छिकच होत्या त्या!” या कोटीवर हंशा पिकला, टाळ्याहि पडल्या. आमच्या शेजारीं आमच्या वडील भगिनी बसल्या होत्या. त्यांनीं टाळी वाजविली नाहीं. आमच्याकडे किंचित् वळून त्या हलक्या आवाजांत म्हणाल्या, “बापू, माझी इच्छा कोणीं विचारली होती रे?”

प्रस्तुत लेख त्या एका प्रश्नामुळें लिहिला जात आहे. व्याख्यात्यांविषयीं आमच्या मनांत आदर आहे, आणि त्यांच्या श्रमांचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण ‘कोणाचें कांहीं गेलें नाहीं’ हें त्यांचें विधान निखालस खोटें आहे, आणि ज्या शब्दाच्या आधारावर तें उभें आहे तो शब्दच मुळीं भ्रामक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम या शब्दाचा समाचार घेऊं. आम्ही आयुष्यभर महाविद्यालयांत इंग्रजी शिकवीत आलों. तेव्हां शब्दांची कुळकथा विचारणें हा आमचा धंदाच आहे. ‘इलेक्टिव्ह’ या इंग्रजी विशेषणाच्या मुळाशीं ‘निवडणें’ या अर्थाचा लॅटिन धातु आहे. शस्त्रवैद्य जेव्हां एखाद्या शस्त्रक्रियेस हें विशेषण लावतो, तेव्हां निवड असते ती दिवसाची, रोगाची नव्हे. ज्या रोग्यास या क्षणीं टेबलावर घेतलें नाहीं तर तो दगावेल, त्याच्या बाबतींत दिवस निवडण्यास सवड नसते. इतरांच्या बाबतींत ती थोडीबहुत असते. एवढाच काय तो भेद. आमच्या भाषांतरकारांनीं त्याचें ‘ऐच्छिक’ केलें, आणि अर्थाचा अनर्थ झाला. विद्यापीठांत ऐच्छिक विषय असतात. तर्कशास्त्र नको असेल तर विद्यार्थी अर्थशास्त्र घेतो, आणि त्याचें कांहीं बिघडत नाहीं. पण ज्याच्या हृदयाची झडप नादुरुस्त झाली आहे तो झडपेऐवजीं दुसरें काय घेणार? झिजलेला खुबा, पित्ताशयांतील खडे, उतरलेला अंतर्गळ, पिकलेला मोतीबिंदु, इतकेंच नव्हे तर आंतड्यांतील वा स्तनांतील कर्करोगाची गांठ, या सर्वांवरील पूर्वनियोजित शस्त्रक्रिया बहुधा या एकाच सदराखालीं पडतात. ज्या सदरांत कर्करोग आणि मोतीबिंदु शेजारीं शेजारीं बसतात, तें सदर कारकुनी सोयीचें असेल. रोग्याची निकड मोजण्याच्या कामीं तें निरुपयोगी आहे.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून एक गोष्ट येथेंच कबूल करून टाकतों. मार्च २०२० मध्यें शस्त्रक्रिया थांबविण्याचा हुकूम निघाला तो अवश्य होता. उत्तर इटलींतील लोंबार्दी प्रांतांत रुग्णालयें सुसज्ज असतांहि तेथील अतिदक्षता विभाग थोड्याच दिवसांत तुडुंब भरून गेले, हें साऱ्या जगानें पाहिलें होतें. ११ मार्च रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें महामारी जाहीर केली. १७ मार्च रोजीं इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनें आपल्या रुग्णालयांस पत्र धाडून सुमारें एक लक्ष खाटांपैकीं तीस हजार मोकळ्या करण्यास, आणि त्यासाठीं तांतडीच्या नसलेल्या सर्व नियोजित शस्त्रक्रिया फार तर १५ एप्रिलपासून निदान तीन महिने तहकूब ठेवण्यास सांगितलें. २० मार्च रोजीं आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेंहि अत्यावश्यक नसलेल्या शस्त्रक्रिया पुढें ढकलण्याची सूचना काढली. या थांबविण्यांत रोग्याचेंहि हित होतें. चोवीस देशांतील २३५ रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या सुमारास कोविडची बाधा झालेल्या ११२८ रोग्यांची पाहणी २०२० मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं शेंकडा २३.८ रोगी तीस दिवसांच्या आंत मरण पावले. असा धोका समोर असतां गुडघा बदलण्याची घाई करा, असें कोणताहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. तेव्हां आमचें भांडण थांबविण्याशीं नाहीं. सरसकट थांबविण्याशीं आणि बेहिशेबी थांबविण्याशीं तें आहे.

सरसकट म्हणजे काय तें पाहूं. अतिदक्षता विभागांतील खाट म्हणजे नुसती लोखंडी खाट नव्हे. प्राणवायूची नळी, श्वसनयंत्र, तें चालवूं जाणणारा भूलतज्ज्ञ आणि अष्टौप्रहर उशाशीं जागणारी तरबेज परिचारिका, एवढें सारें मिळून ती खाट होते. शस्त्रक्रियेनंतर ही खाट कोणास लागते? हृदयावर, मेंदूवर, अन्ननलिकेवर मोठी शस्त्रक्रिया झालेल्यास, आणि तीहि बहुधा एकदोन दिवस. उलट कोविडचा अत्यवस्थ रोगी श्वसनयंत्रावर दहा दहा, पंधरा पंधरा दिवस राही. मोतीबिंदूचा रोगी त्याच दिवशीं घरीं जातो आणि अंतर्गळाचा एकदोन दिवसांत. या दोघांनीं अतिदक्षता विभागाचें दारहि पाहिलेलें नसतें. आतां विचार करा. ज्या शस्त्रक्रिया सुखानें थांबूं शकतात, त्यांच्या थांबण्यानें अतिदक्षता विभागांतील खाट सुटत नाहीं. आणि ज्यांच्या थांबण्यानें ती सुटते, त्या फार दिवस थांबूं शकत नाहींत. ‘ऐच्छिक’ या एका शब्दानें या दोन्ही जातींची एकच मोट बांधली आणि या मोटेखालीं तो पेंच दिसेनासा झाला.

यावर असें उत्तर मिळेल कीं, लहान शस्त्रक्रियेसहि भूलतज्ज्ञ लागतो, परिचारिका लागतात, साध्या दालनांतील खाट लागते. शिवाय त्या काळीं मुखपट्ट्यांचा आणि अंगरख्यांचाहि तुटवडा होता. हें उत्तर खरें आहे, आणि आम्ही तें मान्य करतों. पण मग त्या उत्तरावरूनच असें ठरतें कीं, कोणती शस्त्रक्रिया थांबविल्यानें नेमकें काय सुटतें आणि रोग्याचें नेमकें काय जातें, याचा विचार ज्या त्या शस्त्रक्रियेपुरता स्वतंत्र व्हावयास हवा होता. पहिल्या चार-सहा आठवड्यांच्या धांदलींत तो झाला नाहीं, हें क्षम्य आहे. पण पुढें वर्ष उलटलें, एप्रिल २०२१ मध्यें दुसरी लाट आली, आणि तेव्हांहि कित्येक ठिकाणीं तोच शब्द आणि तोच हुकूम पुन्हां बाहेर काढण्यांत आला. पहिल्या वर्षीं जी अगतिकता होती, ती दुसऱ्या वर्षीं संवय झाली होती.

विचार करणें शक्यच नव्हतें, असें म्हणणाऱ्यांनीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचें उदाहरण ध्यानांत घ्यावें. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळांत, म्हणजे टाळेबंदी अत्यंत कडक असतांना आणि मुंबई हें सांथीचें एक मुख्य केंद्र बनत असतांना, तेथें कर्करोगावरील ४९४ नियोजित शस्त्रक्रिया करण्यांत आल्या, आणि त्या रोग्यांपैकीं शस्त्रक्रियेनंतर एकहि दगावला नाहीं. हें एकाच रोगास वाहिलेलें रुग्णालय आहे, कोविडच्या सामान्य रोग्यांचा भार त्यावर महापालिकेच्या रुग्णालयांइतका नव्हता, हा आक्षेप रास्त आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तेथील वैद्यांनीं ‘ऐच्छिक’ या शब्दावर विसंबून हात जोडले नाहींत. कोण थांबूं शकतो आणि कोण नाहीं हें त्यांनीं माणसागणिक ठरविलें. इतरत्र काय झालें? देशांतील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणींत असें आढळलें कीं, मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांत २०१९ मधील त्याच महिन्यांच्या मानानें नव्या रोग्यांची नोंद शेंकडा ५४ नीं आणि मोठ्या शस्त्रक्रिया शेंकडा ४९ नीं घटल्या. ही सारी घट पुढें ढकलण्यामुळें झाली असें आम्ही म्हणत नाहीं. आगगाड्या बंद, रस्ते बंद, मनांत भय, हीं कारणेंहि होतींच. पण कर्करोगाची गांठ कारण विचारीत नाहीं. २०२० मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें प्रसिद्ध केलेल्या एका विस्तृत समालोचनाप्रमाणें कर्करोगावरील शस्त्रक्रियेस चार आठवड्यांचा विलंब झाला कीं मृत्यूचा धोका शेंकडा सहा ते आठ वाढतो. ‘कोणाचें कांहीं गेलें नाहीं’ या वाक्याशेजारीं वाचकांनीं हा आंकडा ठेवून पाहावा.

आतां बेहिशेबीपणाकडे वळूं. महामारींत किती खाटा मोकळ्या झाल्या, याचे आंकडे आम्ही रोज सकाळीं वर्तमानपत्रांत वाचीत होतों. त्या कोणाच्या खालून काढून घेतल्या, याचा आंकडा कधीं वाचल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. शस्त्रवैद्यांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळानें मे २०२० मध्यें असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, सांथीच्या ऐन भराच्या बारा आठवड्यांत जगभर सुमारें दोन कोटि चौऱ्यांशी लक्ष शस्त्रक्रिया रद्द किंवा तहकूब होतील. आणि नित्यापेक्षां शेंकडा वीस अधिक काम केलें तरी हा तुंबारा उपसण्यास सुमारें ४५ आठवडे लागतील. इंग्लंडांत निदान प्रतीक्षायादी तरी आहे आणि ती दरमहा प्रसिद्ध होते. फेब्रुवारी २०२० मध्यें तींत वर्षाहून अधिक काळ तिष्ठत असलेले रोगी दोन हजारांच्याहि आंत होते; मार्च २०२१ मध्यें ते चार लक्ष छत्तीस हजारांवर गेले. एकूण यादी सांथीपूर्वीं सुमारें ४६ लक्षांची होती, ती सप्टेंबर २०२३ मध्यें ७७ लक्षांपलीकडे पोंचली. हे आंकडे लाजिरवाणे खरे, पण ते छापले जातात म्हणून तेथील लोक मंत्र्यास जाब विचारूं शकतात. आपल्या येथें तशी सार्वत्रिक यादीच नाहीं. मग लाज तरी कशाची वाटणार? ज्याची नोंद नाहीं त्याचें देणें नाहीं, हा सावकारी न्याय येथें उलटा चालला आहे. कारण येथें वही ऋणकोच्या हातीं आहे.

‘ऋणको’ हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजला आहे. ज्या रोग्याची शस्त्रक्रिया थांबविली, त्याच्याकडून समाजानें ती खाट उसनी घेतली. त्यानें ती आनंदानें दिली असती. आमच्या समाजांत शेजाऱ्याच्या घरीं अडचण असतां आपल्या घरचें लग्न पुढें ढकलणारीं माणसें आहेत. पण मागितल्यावर देणें निराळें आणि ‘तुला तिची गरजच नव्हती’ असें म्हणून काढून घेणें निराळें. ‘ऐच्छिक’ या शब्दानें नेमकें हें दुसरें केलें. ज्याची गरजच नव्हती असें एकदां ठरलें, त्याचें परत करण्याचें कारण उरत नाहीं.

आणि हें उसनें दिलें कोणीं? सर्वांनीं सारखें दिलें नाहीं. मुंबई महापालिकेचें नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्यें संपूर्णपणें कोविडसाठीं राखून ठेवण्यांत आलें. तो निर्णय योग्यच होता. पण नायरमध्यें जो रोगी जातो त्याला बहुधा दुसरें दार नसतें. मे २०२० मध्यें राज्य सरकारनें खासगी रुग्णालयांतील शेंकडा ऐंशी खाटा आपल्या नियंत्रणाखालीं घेतल्या, हेंहि योग्य झालें. पण सांथ ओसरतांच खासगी रुग्णालयांचीं शस्त्रक्रियागृहें पुन्हां उघडलीं, आणि ज्याच्या गांठीं पैसा होता त्याची प्रतीक्षा संपली. ज्याच्यापाशीं तो नव्हता तो सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेंत उभाच राहिला. हुकूम सर्वांना एक होता. त्याची मुदत मात्र ज्याच्या त्याच्या खिशावर ठरली.

सांथीच्या दिवसांत रणभूमीची भाषा फार ऐकूं येई. म्हणून त्याच क्षेत्रांतील एक दाखला देतों. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू होतांच इंग्लंडांतील रुग्णालयांनीं विमानहल्ल्यांत जखमी होणाऱ्यांसाठीं जागा करण्याकरितां लाखाहून अधिक रोगी अवघ्या कांहीं दिवसांत घरीं धाडले. त्यांत क्षयाचेहि रोगी होते. ते आपल्या मुलाबाळांत परत गेले. ज्यांची वाट पाहात खाटा रिकाम्या ठेवल्या होत्या ते मोठे हल्ले जवळजवळ वर्षभर झालेच नाहींत. घरीं गेलेल्यांच्या हालांची कहाणी रिचर्ड टिटमस यांनीं युद्धकालीन समाजनीतीच्या आपल्या इतिहासांत सांगितली. तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५० सालीं, म्हणजे अकरा वर्षांनीं. जो येणार आहे त्याच्यासाठीं जागा करण्याच्या भरांत जो होता त्यास विसरणें, हा रोग कोविडपेक्षां जुना आहे. हाच हिशेब मांडण्यास आपणहि अकरा वर्षें थांबणार काय?

कोणी म्हणेल, दोषारोप सोपा आहे. तुम्हीं काय केलें असतें तें सांगा. प्रश्न न्याय्य आहे, आणि त्याचें उत्तर देण्यास फारशी प्रतिभा लागत नाहीं. कारण तें वैद्यांनींच दिलेलें आहे. ब्रिटनमधील शस्त्रवैद्यांच्या संघटनांनीं २०२० मध्येंच विशेषणें बाजूस सारून मुदती ठरविल्या: कांहीं शस्त्रक्रिया चोवीस तासांच्या आंत, कांहीं बहात्तर तासांच्या आंत, कांहीं चार आठवड्यांच्या आंत, कांहीं तीन महिन्यांच्या आंत, आणि कांहीं त्याहूनहि अधिक थांबूं शकणाऱ्या. विशेषण आणि मुदत यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. विशेषण कधीं संपत नाहीं. मुदत संपते, आणि संपली कीं कोणास तरी उत्तर द्यावें लागतें. तेव्हां पुढील सांथ येण्यापूर्वींच प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयानें पुढें ढकललेल्या प्रत्येक रोग्याचें नांव, त्याची मुदत आणि त्यास पुन्हां बोलावण्याची जबाबदारी कोणाची, हीं तीन एका वहींत लिहिण्याची शिस्त लावून घ्यावी. थांबविण्याच्या हुकुमावरच तो केव्हां संपेल ती तारीख असावी. पुढें चालवावयाचा असेल तर कारणें देऊन नवा हुकूम काढावा. आणि सांथ ओसरल्यावर जादा शस्त्रक्रियागृहें व जादा वेळ यांसाठीं पैसा निराळा काढून ठेवावा. कारण उसनें फेडावयाचें तें शिलकेंतून, दुसऱ्या रोग्याच्या ताटांतून नव्हे. इतकें लिहिण्यास वेळ कोणास होता, असें विचारलें जाईल. रोज सायंकाळीं खाटांची संख्या कळविण्यास ज्या यंत्रणेस वेळ होता, तिला आठवड्यांतून एकदां माणसांची संख्या कळविण्यासहि तो मिळाला असता.

‘गरज सरो, वैद्य मरो’ अशी आपल्यांत एक कृतघ्न म्हण आहे. सांथ सरल्यावर वैद्यांवरील पुष्पवृष्टि थांबली आणि त्या म्हणीचा प्रत्यय त्यांनाहि आला, हें आम्ही जाणतों. म्हणूनच त्यांच्याविषयीं आम्हांस आशा आहे. गरज सरल्यावर विसरलें जाणें म्हणजे काय, हें ज्यांनीं अनुभविलें आहे, त्यांनींच आपल्या रोग्यांस विसरावें, हें शोभत नाहीं.

शेवटीं आमच्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळणें प्राप्त आहे. त्यांचा एक डोळा बऱ्याच वर्षांपूर्वीं काचबिंदूनें गेला. दुसऱ्यांत मोतीबिंदु पिकला होता, आणि एका धर्मादाय रुग्णालयानें त्यांस २७ मार्च २०२० ही तारीख दिली होती. ती रद्द झाली. त्यानंतर नोव्हेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे वीस महिने, त्यांस कोणीं बोलावलें नाहीं. आमच्या चिरंजीवानें चार वेळां चौकशी केली, आणि चारहि वेळां ‘ऐच्छिक आहे, थांबा’ असें उत्तर मिळालें. या वीस महिन्यांत त्यांची पोथी मिटलेली राहिली. तांदूळ निवडणें सुटलें. घरांत कोण आलें हें त्या आवाजावरून ओळखूं लागल्या. पावसाळ्यांत ओट्याची पायरी चुकून त्या पडल्या आणि उजवें मनगट मोडलें. त्यांच्या शस्त्रक्रियेस श्वसनयंत्र लागणार नव्हतें, अतिदक्षता विभाग लागणार नव्हता. लागणार होता तो एक सकाळचा वेळ. अखेर शस्त्रक्रिया झाली व डोळा वाचला. त्या कोविडनें आजारी पडल्या नाहींत, मेल्या नाहींत. सांथीच्या कोणत्याहि आंकड्यांत त्यांची गणना होणार नाहीं. त्यांचे वीस महिने मात्र गेले, आणि सत्तरीच्या घरांतील माणसाचे वीस महिने म्हणजे थोडेथोडके नव्हेत.

आमच्या विद्वान् व्याख्यात्यांस हात जोडून एकच विनंती आहे. पुढील वर्षीं हेंच व्याख्यान ते अन्यत्र देतील, तेव्हां त्या कोटीच्या जागीं त्यांनीं एवढेंच म्हणावें: ‘आम्हीं या माणसांकडून उसनें घेतलें होतें, आणि तें अद्याप पुरतें फेडलेलें नाहीं.’ या वाक्यास टाळ्या पडणार नाहींत. पण श्रोत्यांत आमच्या भगिनींसारखें कोणी बसलेलें असेल, तें मान डोलवील.